सरड्याचा रंग आणि ताणणारी पापुद्री

बेभरवशाच्या माणसास आपण ‘सरड्यासारखा रंग बदलणारा’ म्हणतो. बिचाऱ्या सरड्यावर हा अन्यायच होय. आमच्या सोनागिरीत कुंपणावर लाल गळ्याचा सरडा मान हलवीत बसलेला दिसला, की मुले दगड उचलतात. तो विषारी असतो, ही समजूत. वस्तुतः त्याच्या अंगी विष नाही. तो लाल रंग विणीच्या हंगामातील नराचा असतो.

रंगपालटात खरा निष्णात त्याचा आप्त, सरडगुहिरा. त्याच्या कातडीतील रंगद्रव्येच इकडेतिकडे सरकत असावीत, असे पुष्कळ काळ मानले जाई. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करच्या सरडगुहिऱ्याची त्वचा तपासली, तेव्हा निराळेच आढळले. तिच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीप्रमाणे मांडलेले असतात. ते जवळजवळ असले म्हणजे निळा प्रकाश परततो, आणि त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून हिरवा दिसतो. नर खवळला की स्फटिकांमधील अंतर वाढते, अधिक लांब लहरींचा प्रकाश परततो, आणि हिरव्याचा पिवळा, नारिंगी होतो. म्हणजे रंग द्रव्यात नसून मांडणीत! दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीलकंठाच्या पिसांतही निळे रंगद्रव्य नसते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ साली या पक्ष्याच्या पिसांवर लेख लिहिला होता.

ही युक्ती माणसाने उचलली. पण एक अडचण आली. स्फटिकांतील अंतर बदलण्यासाठी मऊ पदार्थ फुगवावा वा आकसावा लागे, आणि मग सबंध तुकडाच वेडावाकडा होई. सरडगुहिरा मात्र रंग बदलताना फुगत नाही! अमेरिकेतील एमरी विद्यापीठात २०१९ साली याचे मर्म हेरले गेले: स्फटिकांच्या पेशी त्वचेचा काही अंशच व्यापतात, उरलेली त्वचा ताण सोसते. तेथील संशोधकांनी रंगीत कण बिनरंगी लवचीक पदार्थात बसविले. रंग पालटला, आकार जवळजवळ तसाच राहिला.

बर्कली येथे सिलिकॉनची केसाच्या हजारांश जाडीची पापुद्री केली गेली. किंचित ताणताच ती हिरव्याची पिवळी, नारिंगी होते. पुलावर किंवा विमानाच्या पंखावर ती लावली, तर तडा जाण्यापूर्वीच धातूवरील ताण डोळ्यांस दिसेल, ही त्यामागील आशा. २०१५ साली प्रसिद्ध झालेला तो तुकडा मात्र जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचा, आमच्या करंगळीच्या नखाएवढा होता.