गाठी नसलेल्या गाठींचा आजार

कविता लिहिणाऱ्या माणसाला चुकीचा शब्द चटकन खुपतो. 'पीसीओएस' हे आजाराचे नाव मला तसे खुपते. आमच्या जासईत, उरण-पनवेलच्या गावागावांत ते आता घरोघरच्या बायकांना ठाऊक झाले आहे. सोनोग्राफीच्या कागदावर 'पॉलिसिस्टिक' असे छापून आले की 'पोरीच्या पोटात गाठी झाल्यात' अशी कुजबुज सुरू होते. मी काही डॉक्टर नव्हे, साधी बी. ए. झालेली बाई. पण जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले, ते सोप्या शब्दांत सांगते.

या गाठी मुळात गाठी नव्हेतच. दर महिन्याला बीजांडकोशात बारीक पुटके वाढू लागतात. त्यांतले एक पूर्ण पिकते आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. या आजारात ती अर्ध्यावरच अडतात आणि सोनोग्राफीत माळेतल्या मण्यांसारखी दिसतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले. पुढे त्यावरूनच नाव रूढ झाले. हे नाव दिशाभूल करते, ते बदलावे, असे अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ मंडळानेही २०१२ साली सुचवले होते.

मग बीज अडते का? यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत इन्सुलिनचाही. पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड ते जास्त तयार करते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके वाढवायला लावते. परिणामी पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे जात नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात. मानेवर मखमली काळसर पट्टा दिसतो, तो घासून जात नाही. तो मळ नसतो, बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

'आमची मुलगी तर काडीसारखी आहे, तिला कसे होईल?' असे पुष्कळ जणी विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. मुंबईच्या परळमधील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एका निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के मुलींना हा आजार होता. पहिल्या निकषात बसणाऱ्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या.

निदान केवळ सोनोग्राफीवर होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे आणि बीजांडकोशाचे ते चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. थायरॉईडसारखी इतर कारणेही आधी तपासून घ्यावी लागतात. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीची पाळी पहिली एक-दोन वर्षे मागेपुढे होतेच. शिवाय त्या वयात सोनोग्राफीवरून निदान करत नाहीत.

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. वजन जास्त असेल, तर ते थोडेसे उतरले तरी कित्येकींची पाळी सुधारते. आपल्या आज्या चिखलात भात लावत, मैलोगणती चालत. आता शेतांच्या जागी कंटेनरची गोदामे उभी राहिली, तेव्हा चालणे मुद्दाम करावे लागते. तांदळाची भाकरी सोडू नका, दोनाची एक करा आणि ताटात डाळ, भाजी, मासळी वाढवा. पाळी नियमित करण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या, इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन, मूल हवे असेल तेव्हा लेट्रोझोल, अशी औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांनीच द्यायची, शेजारणीने नव्हे. पाळी महिनोन्महिने आली नाही तर 'बरे झाले, कटकट गेली' म्हणू नका. गर्भाशयाचे अस्तर साचत राहिले, तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणीही अधूनमधून करून घ्यावी. उदासी आली, तर तीही डॉक्टरांना सांगावी.

एका आईने मला हळूच विचारले होते, 'आपा, लग्नाच्या बोलण्यात हे सांगायचं का हो?' मी म्हटले, 'बाई, आधी मुलीला तरी नीट सांगा.' तिला वांझपणाचा शिक्का बसल्यासारखे वाटत होते, आणि ते खरे नव्हते. यातल्या बहुतेक जणी आई होतात, कुणी आपोआप, कुणी उपचारांनी. सांगायचे की नाही हे मुलीने ठरवावे, आणि सांगितले तर लाजेने सांगू नये. थायरॉईड सांगताना आपण कुठे आवाज खाली आणतो? आणि समजा एखादीला मूलबाळ नकोच असले, तरी तिच्या पाळीची, साखरेची, मनाची काळजी घ्यायला हवीच. कारण हा आजार तिच्या सासरचा नाही, तिच्या स्वतःच्या देहाचा आहे.