आखीव गल्ल्यांचं गाव आणि नकाशातले रंग

जयसिंगपुरात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेली ही पेठ. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. आधी आखणी, मग घरं! आपल्याकडे हे फार विरळ.

आज ही आखणी विकास आराखडा करतो. नकाशात पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, हिरवा शेतीचा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार साधारण 20 वर्षांनी हा आराखडा नव्यानं तपासायचा असतो. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींची मुदत सुरू होते. तेव्हाच आपला गट नंबर शोधावा, हे मी कळकळीनं सांगतो.

कारण याच कायद्याचं कलम 127. बागेसाठी आरक्षित जागा 10 वर्षांत घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. मालकाला न्याय मिळतो, पण मुलांची बाग जाते. आणि जयसिंगपूरच्याच शिरोळ तालुक्यात, जिथं कृष्णा-पंचगंगेचा पूर 2019 मध्ये घराघरात शिरला, तिथं पूररेषेआतली हिरवी पट्टी पिवळी करताना तर दहादा विचार व्हायला हवा.