आजीची पाटी, नातीची शिकवणी

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. निमित्त त्याआधीच्या शिवजयंतीचं. गावातल्या बायका चरित्र वाचत होत्या आणि म्हाताऱ्यांच्या मनात आलं, आपल्यालाही वाचता आलं असतं तर! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं हात दिला. साठी ते नव्वदीच्या विद्यार्थिनी गुलाबी साडीचा गणवेश नेसून, खांद्याला दप्तर लावून वर्गाला येऊ लागल्या. शिकवणारी गावातलीच एक सून. आणि घरी अभ्यास अडला की नातवंडं.

मला या शाळेचं मोल साक्षरतेपेक्षा या शिकवणीत दिसतं. पिढ्या जोडायच्या म्हणून आपण मुलांना वृद्धाश्रमात नेतो, फळं वाटतो, फोटो काढून परत आणतो. तिथे देणारा कायम तरुण आणि घेणारा कायम म्हातारा. फांगण्यात आजी आणि नात या दोघींच्या मधे एक पाटी असते आणि रोजचं काम असतं. आजीची वेलांटी उलट्या बाजूला गेली, तर ते दाखवायला पहिली-दुसरीतली नात पुरते. जिनं सगळ्या घराला वळण लावलं, ती आता नातीकडून अक्षराचं वळण घेते. यात आजीचा मान कमी होतो असं काहींना वाटेल. पण मान दुरून नमस्कार करण्यानं टिकत नाही, रोज शेजारी बसण्यानं टिकतो.

आता या वयात शिकून काय करायचं, असं विचारणारे पुष्कळ आहेत. सरकारही बराच काळ तसंच मानत होतं. 1988च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचा सारा भर 15 ते 35 या वयोगटावर होता. नजर अधू असते, शिकलेलं विसरतं, काहींची मजल सहीपुढे जात नाही, हे खरं. पण बँकेत अंगठ्याला शाई लावून घ्यायची वेळ येणं आणि कागद पुढे ओढून स्वतःचं नाव लिहिणं यातलं अंतर त्या आजीलाच विचारावं.

2022 ते 2027 या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्या भरवशावर उभा आहे आणि त्यात विद्यार्थीही शिकवू शकतात. मुख्याध्यापकांनी त्यासाठी मुलांची नावं नोंदवताना प्रत्येकाला एवढंच विचारावं: तुझ्या घरी आजीला वाचता येतं का?