देवमाशाच्या कानातला मळ

देवमाशाला बाहेरून कान दिसत नाहीत. डोळ्यामागे एक बारीकसं छिद्र असतं. फिन किंवा निळ्या देवमाशासारख्या मोठ्या जातींत आतली कानाची नळी बंदच असते. मळाला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो जन्मभर आत साठतो आणि त्याचा वीतभर लांब खुंटा तयार होतो. तो उभा चिरला की झाडाच्या बुंध्यासारखे थर दिसतात. भरपेट खाण्याच्या हंगामातला फिकट, चरबीचा थर. उपाशीपोटी केलेल्या लांबच्या प्रवासातला गडद थर. थर मोजले की वय कळतं. त्यासाठी देवमासा मेलेला मात्र हवा.

जपानच्या देवमाशांच्या शिकारीचा वाद कित्येक वर्षं या मळाभोवती फिरत राहिला.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून तो लागू झाला. कारण उघड होतं. विसाव्या शतकात माणसाने सुमारे २९ लाख देवमासे मारले. अंटार्क्टिकाभोवती निळे देवमासे दोन लाखांहून अधिक होते, ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही शेकड्यांवर आले. हे पाप एकट्या जपानचं नाही. नॉर्वे आणि ब्रिटनने तेलासाठी, म्हणजे साबण आणि मार्गारिनसाठी, कळपच्या कळप संपवले. सोव्हिएत ताफ्यांनी वर्षानुवर्षं खोटे आकडे कळवले. १८५३ मध्ये कमोडोर पेरी जपानच्या दारात तोफा घेऊन उभा राहिला, त्यामागचं एक कारणही अमेरिकी देवमासे-शिकाऱ्यांना आसरा आणि रसद मिळावी हे होतं. त्यामुळे पश्चिमेकडून उपदेश आला की जपानी माणूस चिडतो, तो उगाच नाही.

शिवाय आठवणी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उपाशी होता. १९४६ मध्ये खुद्द जनरल मॅकआर्थरच्या परवानगीने जपानी ताफा अंटार्क्टिकाला गेला, आणि पुढे शाळेच्या जेवणात देवमाशाच्या मांसाचे तळलेले तुकडे, ‘तात्सुता-आगे’, वाढले जाऊ लागले. आज सत्तरीत असलेल्या कुणाही जपानी माणसाला ती चव आठवते. भुकेच्या काळात ज्याने तारलं, त्या अन्नाबद्दल कृतज्ञता वाटावी यात चूक काय?

पण १९८७ नंतर जे झालं, त्याचं समर्थन करणं मला जमत नाही. देवमाशांच्या शिकारीबद्दलच्या १९४६ च्या मूळ आंतरराष्ट्रीय करारातल्या आठव्या कलमानुसार कोणताही देश संशोधनासाठी देवमासे मारायचा परवाना स्वतःच देऊ शकतो, आणि मारलेल्या प्राण्याचं मांस वाया जाऊ न देण्याचीही त्यात तरतूद आहे. या कलमाच्या आधाराने ‘चोसा होगेई’, म्हणजे संशोधनासाठी शिकार, सुरू झाली. कानातला मळ, पोटातलं अन्न, अंडाशय यांच्या नोंदी प्रयोगशाळेत जात आणि मांस बाजारात.

बाजारातल्या या मांसाने एक वेगळीच गोष्ट सांगितली. १९९३ मध्ये स्कॉट बेकर या संशोधकाने जपानी दुकानांतून नमुने विकत घेतले. संरक्षित प्राण्यांचं मांस सीमेपार न्यायला बंदी, म्हणून त्याने हॉटेलच्या खोलीतच छोटी प्रयोगशाळा मांडली आणि डीएनएच्या कृत्रिम प्रती बनवून फक्त त्या बाहेर नेल्या. स्टीफन पालुंबी यांच्यासह केलेला हा अभ्यास १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. संशोधनाचा परवाना त्या वेळी मिंकी जातीपुरता होता. दुकानांत फिन आणि हंपबॅकचंही मांस निघालं. मांसाच्या एका तुकड्यातून इतकं कळतं म्हटल्यावर, देवमाशाबद्दल जाणून घ्यायला तो मारावाच लागतो, या दाव्याला तेव्हाच तडा गेला. आज जिवंत देवमाशाच्या कातडीचा बारीक तुकडा लहानशा बाणाने काढता येतो आणि त्यातून जात, नातं, लिंग, गर्भारपण, अगदी वयाचा अंदाजही मिळतो.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाने खटला भरला. ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की अंटार्क्टिकातली ही शिकार ‘संशोधनासाठी’ म्हणता येत नाही. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंकी मारले गेले होते आणि तज्ज्ञांनी तपासून छापलेले निबंध, न्यायालयापुढे आले ते, दोन. विज्ञानाच्या नावाची इतकी नाचक्की क्वचितच कोणी केली असेल.

कानातला मळ खरं तर किती बोलतो, हे २०१८ मध्ये कळलं. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रंबल यांच्या गटाने वीस देवमाशांचे जुने खुंटे घेतले आणि थराथरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. दीडशे वर्षांच्या काळातला त्याचा आलेख शिकारीच्या आकड्यांबरोबर वरखाली होत होता. साठच्या दशकात शिकार शिगेला पोचली, तेव्हा ताणही. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली, तरी ताण वाढलेलाच दिसला. भाला न लागलेल्या देवमाशांच्या कानांतही ती वर्षं साठून राहिली होती.

शेवटी जपान आयोगातून बाहेर पडला, आणि १ जुलै २०१९ पासून स्वतःच्या सागरी हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार सुरू झाली. निदान संशोधनाचा बुरखा तरी गेला. मे २०२४ मध्ये शिमोनोसेकीहून ‘कांगेई मारू’ हे साडेसात अब्ज येन खर्चून बांधलेलं नवं मुख्य जहाज निघालं. त्याच वर्षी शिकारीच्या यादीत फिन देवमाशाचाही समावेश झाला : मर्यादा ५९. निळ्या देवमाशाखालोखाल पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी हाच.

जपानचं मत्स्य खातं म्हणतं, शंभर वर्षं मारले तरी संख्या घटणार नाही अशाच बेताने आकडा ठरवला आहे. हे गणित मी खोटं म्हणणार नाही. ५९ फिनमुळे जात नामशेष होणार नाही. पण गणित कळपागणिक करावं लागतं, आणि समुद्रात कळपांना कुंपण नसतं. जपानभोवती मिंकींचे दोन वेगळे समूह मिसळतात, त्यातला जपानच्या समुद्रातला समूह आधीच रोडावलेला. वरून दोघे सारखेच दिसतात. कोणता कोणाचा, हे नक्की कळतं डीएनए तपासल्यावर, म्हणजे भाला लागून गेल्यावर.

देवमासे आपले मासे फस्त करतात, हेही कारण पुढे केलं जातं. अंटार्क्टिकात देवमासे घटल्यावर त्यांचं खाद्य असलेले क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, उदंड वाढायला हवे होते. तसं झालं नाही. एक पटणारं स्पष्टीकरण असं, की देवमाशाच्या विष्ठेत समुद्राच्या पाण्याच्या लाखो पटींनी लोह असतं. त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि त्या शेवाळावर क्रिल जगतात.

आणि हे सगळं कोणासाठी? १९६२ मध्ये जपानने सव्वादोन लाख टनांहून अधिक देवमाशाचं मांस खाल्लं. आता वर्षाला दोनेक हजार टन. गिऱ्हाईक मिळावं म्हणून २०२३ मध्ये योकोहामात पैसे टाकले की मांस देणारी यंत्रं बसवावी लागली. पोटासाठी मारणं मी समजू शकतो. जुनं जहाज मोडीत निघालं म्हणून नवं बांधायचं, आणि नवं बांधलं म्हणून मारत राहायचं, हे मला समजत नाही. ही शिकार थांबायला हवी.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. मच्छीमार, गावकरी, वन खात्याची माणसं दोन दिवस त्याच्यावर पाणी ओतत, त्याला ओढत राहिली. ते समुद्रात परतलंही, पण जगलं नाही. देवमाशाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, आणि मोठ्या जातींत ते दोन-तीन वर्षांनी एकदा. हेगच्या निकालानंतरही, २०१७-१८ च्या हंगामात, जपानने अंटार्क्टिकात ३३३ मिंकी मारले. त्यांतल्या १२२ माद्या गाभण होत्या. कळप वाढतो आहे याचीच ही खूण, असं जपानच्या बाजूने सांगितलं गेलं.

पश्चिम जपानच्या यामागुची प्रांतात नागातोजवळ कायोई नावाचं जुनं शिकारी गाव आहे. तिथे १६९२ मध्ये उभारलेली एक दगडी समाधी आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात सापडलेली सत्तराहून अधिक अर्भकं तिथे पुरली आहेत. गावच्या मंदिराने मेलेल्या देवमाशांना माणसांसारखी मरणोत्तर नावं दिली आणि ती वहीत लिहून ठेवली. मारणारे लोक तेच, पुरणारेही तेच. दर वसंतात तिथे आजही प्रार्थना होते.