भयामागची करुणा : बर्नी राइटसन यांची चित्रकला

भयकथांच्या चित्रकाराची थोरवी वाचकाला दचकवण्याच्या ताकदीवर मोजण्याची रीत असली, तरी अमेरिकन चित्रकार बर्नी राइटसन (१९४८–२०१७) यांना हे माप अपुरे पडते. कारण त्यांनी रेखाटलेले राक्षस पाहताना भीतीच्या पाठोपाठ त्या विद्रूप जिवांविषयी कणव दाटून येते.

मेरिलँड राज्यात बाल्टिमोरजवळ वाढलेल्या राइटसन यांनी चित्रकलेचे धडे टपालाने चालणाऱ्या एका अभ्यासक्रमातून घेतले आणि 'ईसी' या प्रकाशनसंस्थेच्या भयकथांतून, विशेषतः ग्रॅहम इंगल्स यांच्या चित्रांतून, भयरसाचे संस्कार उचलले. १९५४ मध्ये प्रकाशकांनी 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता स्वतःवर लादून घेतल्यामुळे भयचित्रकथांना उतरती कळा लागली होती. ही बंधने १९७१ मध्ये सैल झाली आणि त्याच वर्षी लेखक लेन वीन यांच्यासह राइटसन यांनी 'स्वॅम्प थिंग' हे पात्र निर्माण केले. पुढील वर्षी सुरू झालेल्या स्वतंत्र मालिकेत अॅलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ स्फोटात होरपळून दलदलीत कोसळतो आणि शेवाळ व मुळ्यांचा देह घेऊन बाहेर येतो. आतला माणूस शाबूत असूनही त्याला धड बोलता येत नाही, त्यामुळे त्याची वेदना सांगण्याचा सारा भार चित्रावर येतो. पहिल्या दहा अंकांत राइटसन यांनी तो झुकलेल्या खांद्यांतून आणि खोल गेलेल्या डोळ्यांतून समर्थपणे पेलला.

त्यांच्या कलेचे शिखर मात्र मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीसाठी केलेली चित्रे हे होय. इतर कामे सांभाळून सुमारे सात वर्षे काढलेली ही जवळपास पन्नास चित्रे १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत राखाडी रंग कोठेही नाही. शेजारी शेजारी बारीक रेषा ओढून, त्या कोठे दाट तर कोठे विरळ ठेवून छाया निर्माण करण्याच्या रेखाछायन पद्धतीवर ती उभी आहेत. या पद्धतीचे थोर साधक फ्रँकलिन बूथ यांनी लहानपणी लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे टाकाने काढलेली आहेत असे समजून गिरवली आणि त्यातूनच त्यांची शैली घडली, असे सांगतात. राइटसन यांनी हाच वारसा पुढे नेला. प्रयोगशाळेच्या प्रसिद्ध चित्रात असंख्य बाटल्या, नळ्या आणि काचपात्रे दाटीवाटीने मांडलेली असून, प्रत्येक वस्तूच्या वळणाबरोबर रेषाही वळते आणि काचेवरची चकाकी म्हणजे केवळ शाई न लागलेला कोरा कागद असतो.

याच कादंबरीवरील १९३१ च्या चित्रपटाने रूढ केलेला सपाट माथ्याचा, मानेत खिळे असलेला राक्षस त्यांनी बाजूला ठेवला. कादंबरीतील लांब काळ्या केसांच्या, विचारी आणि एकाकी जिवाकडे परतून त्यांनी त्याला कवटीसारखा चेहरा दिला. पण त्याच्या देहबोलीत झिडकारलेल्या माणसाचे दुःख ओतले. जो तपशील एरवी बीभत्स वाटला असता, तो एवढ्या निगुतीने रेखाटल्यामुळे पाहणाऱ्याची नजर तेथे थांबते आणि थांबलेली नजर हळूहळू किळस विसरते.

दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या २०२५ मधील 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटावर या चित्रांचा प्रभाव आहे. भयचित्रकथेला हलक्या करमणुकीत गणणाऱ्यांनी राइटसन यांची चित्रे सावकाश पाहावीत. कुरूपतेलाही सौंदर्याइतकेच लक्ष देणारा कलावंत माणुसकीची कक्षा रुंदावतो, याचा प्रत्यय तेथे येतो.