सुरतेचा चिखल, कुरट्याचा खडक

सुरतेजवळ डुमसला ओहोटीच्या वेळी गेलात तर समुद्र शोधावा लागतो. आधी काळी वाळू, मग चिखल आणि पार टोकाला चहाच्या रंगाचं पाणी. शहरातल्या उधना-लिंबायतमधल्या खानदेशी मंडळींना हा चिखल परका वाटायला नको. मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटरची वाट चालते, भुसावळवरून येते आणि खानदेशची काळी माती इथे आणून टाकते. खंबातच्या आखातातली दांडगी भरती-ओहोटी तो गाळ खाली बसू देत नाही.

अशा पाण्यात प्रवाळाचं जमणं कठीण. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि प्रवाळाचा बहुतेक शिधा त्यातूनच येतो. ऊन अडलं की चूल विझली! शिवाय प्रवाळाच्या तरंगत्या अळीला चिकटायला कठीण जागा लागते. चिखलात राज्य चालतं ते निवट्यांचं. गुजरातीत हाच लेवटा: डोळे माथ्यावर, परांवर रेटत चालणारा, ओल्या कातडीतून श्वास घेणारा मासा. (चिखलाला नावं ठेवणाऱ्यांनी त्याच्याकडे एकदा घटकाभर पाहावं.)

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ल्याला खडक हवा होता; प्रवाळालाही तोच लागतो. बेट जेमतेम 48 एकरांचं, पण त्याच्या किनाऱ्यावर शेजार किती तऱ्हेचे! उघड्या समुद्राच्या अंगाला लाटा फुटतात. तिथे दगडाला घट्ट धरून बसणारेच टिकतात. आडोशाला पाणी शांत, तिथल्या नाजूक जीवांना लाटेचा मार नाही. कपारींत खेकडे दडतात. ओहोटीत मागे राहिलेली डबकी उन्हात तापतात, पावसात अळणी होतात. तिथे ते सोसणारेच राहतात. आणि भरतीरेषेपासून खाली दर हातभर उतरलं की रहिवासी बदलतात. या किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे.

मग सुरतेजवळ बेटंच नाहीत का? आहेत की. भरूचकडे नर्मदेच्या मुखाशी अलियाबेट आहे, चांगलं ऐसपैस. पण ते बेटच गाळाचं. चहूकडे समुद्र असूनही प्रवाळाच्या अळीला तिथे बसायला दगड नाही. कच्छच्या आखातातल्या पिरोटन बेटाला मात्र खडकाळ पाया आहे. पाणी काही काचेसारखं नसलं तरी तिथे प्रवाळ जगतात.

गाळाच्या पाण्यातही कठीण जागा मिळाली की कुणीतरी येतंच. खाडीतल्या धक्क्याचा एखादा खांब ओहोटीत उघडा पडला की पाहा: भरतीचं पाणी पोचतं तिथवर त्याला कालवं चिकटलेली असतात.