दिशा आहे, तरी सदिश नाही

शाळेतली एक व्याख्या आपल्या सगळ्यांना पाठ असते. जिला फक्त परिमाण असतं ती अदिश राशी, आणि जिला परिमाण व दिशा दोन्ही असतात ती सदिश राशी. व्याख्या चूक नाही, पण अपुरी आहे. ती कुठे अपुरी पडते, हे आज आपल्याच नद्यांवर तपासून पाहू.

आधी सोपी बाजू. मे महिन्यात चंद्रपूरचं तापमान ४६ अंश आहे म्हटलं की सांगणं पूर्ण झालं. कोणत्या दिशेला ४६, असं कुणी विचारत नाही. तापमान, वस्तुमान, काळ, ऊर्जा या अदिश राशी. पण ‘आरमोरीहून दहा किलोमीटर गेलो’ म्हटलं तर लगेच प्रश्न येतो : वडशाकडे की गडचिरोलीकडे? कारण कुठे पोचलात हे नुसत्या अंतरावरून कळत नाही. त्यासाठी विस्थापन लागतं, आणि ते सदिश आहे.

आता डोंग्यात बसू. समजा, वैनगंगेचं पात्र ४०० मीटर रुंद आहे. संथ पाण्यात नावाडी ताशी ४ किलोमीटर वल्हवतो आणि नदी ताशी ३ किलोमीटरनं वाहते. त्यानं डोंग्याचं तोंड सरळ पैलतीराकडे धरलं. काठावरून पाहणाऱ्याला डोंगा किती वेगानं जाताना दिसेल? चार अधिक तीन सात? नाही, पाच. दोन वेग एकमेकांशी काटकोनात आहेत, म्हणून १६ अधिक ९ बरोबर २५, आणि त्याचं वर्गमूळ ५. सहा मिनिटांत डोंगा पैलतीराला लागेल, पण ३०० मीटर खाली.

त्याला नेमकं समोरच उतरायचं असेल तर? मग तोंड प्रवाहाच्या विरुद्ध तिरपं धरावं लागतं, आणि वेळ साधारण नऊ मिनिटं लागते. हे गणित नावाड्याच्या हाताला ठाऊक असतं. पण पुरात प्रवाह ताशी ६ किलोमीटर झाला की त्याच ताकदीनं वल्हवणारा माणूस, डोंगा कितीही तिरपा धरला तरी, समोरच्या घाटावर पोचू शकत नाही. खाली वाहत जाणं टळत नाही. हिंमत कमी पडली असं नव्हे. सदिशांचा तो त्रिकोणच जुळत नाही. म्हणून पुरात डोंगा घालू नका म्हणतात, त्यामागे भीतीइतकीच भूमितीही आहे.

आता खरी गंमत. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता होते. समजा, वर्धेतून सेकंदाला २००० घनमीटर पाणी येतंय आणि वैनगंगेतून ३०००. पाणी कुठे साठत नसेल, तर प्राणहितेत किती? सरळ ५०००. नद्या कोणत्या कोनात भेटल्या, याचा इथे काही संबंध नाही. पाण्याला दिशा आहे, नदी कुठून कुठे जाते हे आपल्याला माहीत आहे, तरीही विसर्ग अदिश आहे. गोसेखुर्दचे दरवाजे उघडल्यावर बातमीत येतो तो विसर्ग हाच. तारेतली वीजधाराही तशीच. बाण काढून दाखवतो आपण, पण जोडावर धारांची बेरीज साध्या अंकांसारखीच होते.

म्हणजे ‘दिशा आहे का?’ हा पहिला प्रश्न झाला. दुसरा, आणि निर्णायक, प्रश्न असा : ‘दोन राशींची बेरीज कशी होते?’ कोन बदलल्यावर बेरीज बदलत असेल, त्रिकोणाच्या नियमानं होत असेल, तर ती सदिश.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एवढं सांगतो. वैशेषिकांनी दिक् हे द्रव्यांत मोजलं आणि परिमाण गुणांत. त्यांचा विषय वेगळा होता, त्यांना सदिश माहीत होते असं मुळीच नाही. पण ‘किती’ आणि ‘कुठे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही शिस्त आपणही पाळायला हवी.

जाता जाता एक गृहपाठ. सागाचा ओंडका दोन दोरांनी ओढताय, एका दोरात बल ३०० न्यूटन, दुसऱ्यात ४००. एकूण बल किती? उत्तर १०० पासून ७०० पर्यंत काहीही येऊ शकतं. का, ते कागदावर बाण काढून बघा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करू.